बोटावरचा शंख झिजत नाही, मग रेशनचं मशीन का अडतं?

फोनचा टॉर्च लावा आणि उजव्या हाताचा अंगठा उजेडात जरा तिरपा धरा. रेघा दिसतील. नांगरटीच्या तासांसारख्या, एकमेकींना समांतर, सारख्या अंतरावर. आता त्यातली एक रेघ धरून नजर पुढे सरकवा. कुठेतरी ती वळेल आणि आली त्याच बाजूला परत जाईल. तो शंख. काहींच्या अंगठ्यावर रेघा गोल गोल फिरतात, ते चक्र. दहाही बोटांवर चक्रं असली की माणूस राजा होतो, असं घरच्या मोठ्यांनी सांगितलेलं अनेकांना आठवत असेल.

राजयोगाचं सोडून द्या. शंखाच्या मधोमध, रेघ जिथे वळते त्या बिंदूपाशी जे घडतं, त्याला भौतिकशास्त्रात स्वतंत्र नाव आहे: डिस्क्लिनेशन. द्रवस्फटिकांच्या अभ्यासातून आलेला हा शब्द आहे. आपण त्याला ‘फिरकीचा दोष’ म्हणू. इंजिनीअरिंगला मटेरियल सायन्सच्या पेपरात याचा भाऊ डिस्लोकेशन हमखास पाच मार्कांना यायचा. फिरकीचा दोष मात्र बहुतेकांच्या वहीत एका ओळीत उरकलेला असतो. पण शहापूर-मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन चौथ्यांदा बोट नाकारतं, तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं, हे समजायला ही दोन्ही भावंडं लागतात.

द्रोण करणाऱ्याला हे माहीत असतं

स्फटिक म्हणजे अणूंची शिस्तीत लावलेली रांग. मीठ, साखर, लोखंड, सोनं, सगळे स्फटिक. ही शिस्त कुठेही निर्दोष नसते. १९०७ मध्ये व्हितो व्होल्तेरा या इटालियन गणितज्ञाने एक सोपा प्रश्न घेतला: घन पदार्थाला एक काप दिला, कापाच्या दोन्ही बाजू थोड्या हलवल्या आणि पुन्हा चिकटवल्या, तर किती प्रकारचे दोष तयार होतील? उत्तर आलं सहा. तीन प्रकारांत बाजू सरकतात. उरलेल्या तीन प्रकारांत बाजू फिरतात. सरकण्यातून डिस्लोकेशन, फिरण्यातून डिस्क्लिनेशन. घन पदार्थात हे दोष एका रेषेच्या भोवती बसलेले असतात, म्हणून त्यांना रेषीय दोष म्हणतात; सपाट पृष्ठभागावर तीच रेषा एका बिंदूएवढी दिसते.

व्होल्तेराचा हा प्रयोग आपल्याकडे पळसाच्या पानावर रोज होतो. गोल पत्रावळ घ्या, कडेपासून मध्यापर्यंत एक चीर द्या, चिरेची एक बाजू दुसरीवर चढवा आणि काडी टोचा. सपाट पान खोलगट झालं. पानातून त्रिकोणी फाक कमी झाली आणि उरलेल्याला वाकण्यावाचून पर्याय राहिला नाही. उलट, चिरेत जादा फाक घातली तर पान घोड्याच्या खोगिरासारखं वर-खाली मुडपतं. पहिला दोष अधिक चिन्हाचा, दुसरा उणे चिन्हाचा.

षटकोनी छिद्रांच्या विणीची बांबूची टोपली कधी हाताशी आली तर तिच्या वळणावर बघा. सपाट भागात सगळी भोकं सहा बाजूंची असतात. टोपली जिथे वर वळते तिथे विणणारा एखादं भोक पाच बाजूंचं करतो. ६० अंशांची एक फाक त्याने वगळलेली असते. फुटबॉलवर नेमके १२ पंचकोन असतात, ते याच हिशोबाने. १९८५ मध्ये सापडलेल्या, ६० कार्बन अणूंच्या गोल रेणूतही तेवढेच पंचकोन आहेत.

मग लोखंडाच्या कांबीत असे दोष का शिकवत नाहीत? कारण टोपलीला वळायला मोकळी जागा असते, कांबीच्या आतल्या अणूंना नसते. एकट्या फिरकीची ताणाची ऊर्जा स्फटिकाच्या आकाराच्या वर्गाने वाढते: स्फटिक दुप्पट मोठा, तर ऊर्जा चौपट. मोठ्या स्फटिकाला हे परवडत नाही. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणाला मात्र परवडतं. तिथे पाच चौफलक एका अक्षाभोवती फाकांसारखे बसतात. प्रत्येकाचा कोन सुमारे ७०.५ अंश, पाचांची बेरीज ३५२.६. पूर्ण वर्तुळाला ७.४ अंश कमी पडतात. ती फट अणू थोडेथोडे ताणून भरून काढतात. ही खरी, घन पदार्थातली फिरकी.

आणि दोन उलट चिन्हांच्या फिरक्या शेजारी शेजारी आल्या तर? त्या एकमेकींना जवळजवळ खोडून काढतात. लांबून पाहिलं तर सगळं सरळ दिसतं. जवळ गेल्यावर कळतं की एक जादा रांग मध्येच संपली आहे. म्हणजेच डिस्लोकेशन. दोन फिरक्यांची जोडी म्हणजे एक सरक. पुढे मशीनपाशी गेल्यावर हेच वाक्य कामाला येणार आहे.

बोटावर फिरकी कुठून आली?

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स फ्रँक यांनी १९५८ मध्ये या दोषांचा हिशोब द्रवस्फटिकांसाठी मांडला. द्रवस्फटिक म्हणजे एलसीडी पडद्यात असतात ते: वाहतात द्रवासारखे, पण रेणू एका दिशेने उभे राहतात. त्यात फिरकी स्वस्तात होते. ‘नेमॅटिक’ हे त्यातल्या एका प्रकाराचं नावच ग्रीक भाषेतल्या ‘धागा’ या शब्दावरून पडलं, कारण सूक्ष्मदर्शकाखाली त्यात धागे तरंगताना दिसतात. ते धागे म्हणजे फिरकीच्या रेषा. या क्षेत्रात भारताचं नाव मोठं आहे. १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. (हे नोबेलवाले चंद्रशेखर नव्हेत.)

बोटावरच्या रेघांना शेंडा-बुडखा नसतो, फक्त दिशा असते. नेमॅटिकच्या रेणूंचंही तसंच. त्यामुळे दोघांचं गणित एक. शंखाच्या टोकाभोवती एक फेरी मारा आणि रेघेची दिशा कशी बदलते ते बघत जा. फेरी पूर्ण होते तेव्हा दिशा अर्धाच वळसा फिरलेली असते, १८० अंश. ही अधिक अर्धी फिरकी. शंखाच्या एका बाजूला खाली आणखी एक जागा सापडेल, जिथे तीन दिशांनी आलेल्या रेघा ठाण्याच्या तीन हात नाक्यासारख्या भेटतात. तिथे दिशा उलटी फिरते: उणे अर्धी. एका शंखाला असा एक नाका, चक्राला दोन. साध्या कमानीला एकही नाही. बेरीज दर वेळी शून्य.

लायोनेल पेनरोज या ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये हा हिशोब पूर्ण तळहातापर्यंत नेला. तीन हात नाके मोजा, त्यात एक मिळवा. उत्तर शंखांची संख्या अधिक बोटांची संख्या एवढं येतं (चक्र म्हणजे दोन शंख धरायचे). १९७९ मध्ये त्याच विषयावर निबंध लिहिला त्यांच्या मुलाने, रॉजर पेनरोज यांनी. कृष्णविवरांवरच्या कामासाठी २०२० चं नोबेल मिळालं ते हेच.

या रेघा आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उमटतात. एडिनबरा विद्यापीठाच्या गटाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात दाखवलं की त्या बोटाच्या तीन जागांहून लाटांसारख्या पसरतात: पेराचा फुगीर मध्य, नखाखालचं टोक आणि सांध्याची घडी. लाटा कुठे आणि कधी भेटतात यावर कमान, शंख की चक्र ते ठरतं. एकदा ठरलं की जन्मभर तेच. वरची कातडी झिजली तरी खालच्या थरातून तीच नक्षी पुन्हा वर येते.

मशीन शंख बघतच नाही

आता मूळ प्रश्न. आकृती जन्मभर टिकते, तर रेशनचं मशीन का अडतं?

कारण मशीन शंख-चक्रावर ओळख पटवत नाही. जगभरच्या मोजणीत साधारण ६० ते ६५ टक्के बोटांवर शंख, तिसेक टक्क्यांवर चक्र आणि पाचेक टक्क्यांवर कमान सापडते. लोकसमूहानुसार आकडे थोडे हलतात. म्हणजे तुमच्या अंगठ्यावर शंख असेल तर शेजाऱ्याच्या अंगठ्यावरही असण्याचीच शक्यता जास्त. दहा बोटं आणि तीन प्रकार धरले तरी एकूण जुळण्या होतात ५९,०४९. त्या सगळ्या सारख्या वाटल्या गेल्या असं मानलं तरी १४० कोटींच्या देशात एकेका जुळणीत २३ हजारांवर माणसं बसतील.

पोलिसांना हे सव्वाशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेलेली ठशांची वर्गवारी प्रत्यक्षात रचली ती अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या कलकत्त्यातल्या दोन अधिकाऱ्यांनी. कोणत्या बोटावर चक्र आहे आणि कोणत्यावर नाही, यावरून १,०२४ कप्पे. पण तो कपाटाचा पत्ता होता, माणसाचा नव्हे. कप्पा सापडल्यावर ओळख पटवायला भिंगच लागायचं.

भिंगातून बघायचं काय, तर रेघ कुठे अचानक संपते आणि कुठे एकीच्या दोन होतात. बोटावर अशा जागा डझनावारी असतात आणि त्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी. आधारची पडताळणीही मुख्यतः याच जागांवर चालते. मशीनला १४० कोटींत तुम्हाला शोधायचं नसतं, फक्त तुमच्याच आधार क्रमांकाच्या नोंदीशी ताडून बघायचं असतं. पण त्यासाठीही हे बारीक तपशील स्पष्ट उमटावे लागतात.

आता मघाचं वाक्य आठवा. मध्येच संपलेली रेघ म्हणजे डिस्लोकेशन, उलट चिन्हांच्या दोन फिरक्यांची शेजारी बसलेली जोडी. लांबून पाहिलं की तिची बेरीज शून्य. ती दिसायला अगदी जवळून, रेघेएवढ्या बारकाईने बघावं लागतं. तिथेच कातडी घासली, चीर पडली किंवा पाण्याने सुरकुतली की जोडी पुसली जाते, आणि भेगेमुळे नसलेली जोडी दिसायलाही लागते. शंखाची फिरकी एकटी आहे. तिच्याभोवती लांबून फेरी मारली तरी ती सापडते. मधल्या चार रेघा गेल्या तरी बाजूच्या रेघांचं वळण सांगून जातं की आत शंख आहे.

म्हणजे जे सहजी झिजत नाही त्यावरून माणूस ओळखता येत नाही. आणि ज्यावरून ओळखता येतो ते आधी झिजतं. यंत्रणेची ही कुचंबणा गणितातली आहे. चांगला सेन्सर आणून ती कमी होईल, नाहीशी होणार नाही.

झिजतं कोणाचं?

रेघा सगळ्यांच्या सारख्या झिजत नाहीत, आणि इथून हा विषय भौतिकशास्त्राचा राहत नाही.

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले भाताचे आणि आदिवासी पाड्यांचे तालुके. जूनमध्ये पेरा, जुलैत आवणी. आवणीच्या दिवसांत हात तासन् तास चिखलात असतात. बोटांची टोकं सुरकुतलेली, पांढरी पडलेली. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. ओली माती थापायची, साच्यातून काढायची, वाळलेली वीट उचलून रचायची. विटेचा पृष्ठभाग म्हणजे पॉलिश पेपर. त्यात वर्षभराची लाकूडफाट्याची, गवताची, दगडधोंड्याची कामं. उतारवयात कातडी पातळ होते आणि रेघांची उंची आपोआप कमी होते, ते वेगळंच.

वरचा थर साधारण महिनाभरात नवा येतो, म्हणून हाताला विश्रांती मिळाली तर रेघा परत वर येतात. पण विश्रांती कधी मिळणार? भट्टीवरून आल्यावर राब आणि आवणीच. आमच्यासारख्या कीबोर्ड बडवणाऱ्यांच्या फोनने पहिल्याच स्पर्शाला कुलूप उघडलं, तर त्यात फोनच्या हुशारीइतकाच वाटा आमच्या मऊ बोटांचाही आहे.

आधारची सुरुवात महाराष्ट्रातूनच झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात पहिले क्रमांक वाटले गेले. ज्यांच्याकडे ओळखीचा दुसरा कागद नाही त्यांना ओळख द्यायची, हा उद्देश सांगितला होता आणि तो चुकीचा नव्हता. पुढे तीच ओळख दर महिन्याला सिद्ध करायची अट झाली.

मार्च २०१८ मध्ये आधार प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयासमोर ठेवलेला आकडा असा: सरकारी सेवांमध्ये पडताळणी ८८ टक्के वेळा यशस्वी होते. उरलेले १२ म्हणजे १२ टक्के माणसं उपाशी राहिली असं नाही. तो प्रयत्नांचा आकडा आहे, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाला अनेकांचं जुळतं. पण अपयश कोणाच्या वाट्याला येतं हे आपण वर पाहिलं. ते नाणेफेकीसारखं सगळ्यांत वाटलं जात नाही. त्याच त्या माणसांकडे परत परत येतं.

आणि पणाला लागलेली वस्तू छोटी नाही. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाड्यावरून दुकानापर्यंत यायचं म्हणजे अनेकदा एका दिवसाची मजुरी बुडते. ‘आजी, उद्या या, सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य दुकानदाराला काही पैशांना पडत नाही. आजींना दिवसाला पडतं. मशीनवर ‘सर्व्हर डाऊन’ आणि ‘बोट जुळत नाही’ हे दोन वेगळे संदेश येतात, पण काउंटरच्या अलीकडे दोन्हींचा अर्थ एकच.

पळवाट नको, ठरलेली वाट हवी

बायोमेट्रिकमुळे काहीच साधलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. दुसऱ्याच्या कार्डावर परस्पर धान्य उचलणं अवघड झालं. भट्टीसाठी तालुका सोडून गेलेल्या कुटुंबाला ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेत दुसऱ्या गावच्या दुकानातून धान्य घेता येतं, तेही याच यंत्रणेच्या जोरावर. प्रश्न बोट जुळलं नाही तर काय, एवढाच आहे.

त्याचं उत्तर कागदावर आहे. आधार नाही किंवा पडताळणी जुळली नाही म्हणून कोणालाही धान्य नाकारू नये, असं केंद्राने २४ ऑक्टोबर २०१७ रोजीच राज्यांना कळवलं. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने कल्याणकारी योजनांसाठी आधार वैध ठरवलं, तेव्हाही पडताळणी फसल्याने हक्काचा लाभ जाऊ नये ही बाजू विचारात घेतली होती. दहांपैकी कोणतं बोट सर्वांत चांगलं जुळतं ते शोधून ठेवण्याची सोय आधारमध्येच आहे. डोळ्याच्या बुबुळाची पडताळणी आहे, मोबाइलवर ओटीपी आहे, ई-केवायसीसाठी चेहऱ्याची पडताळणीही आली आहे.

यातली ओटीपीची वाट डोंगराच्या कुशीतल्या पाड्यावर किती चालते, हे माळशेजच्या पायथ्याशी फोन हातात धरून बघावं. ज्या घरात एकच फोन असतो आणि तो कामावर गेलेल्या मुलाच्या खिशात असतो, तिथे ओटीपी मुलाच्या खिशातच वाजतो. म्हणून यादीत पर्याय किती आहेत यापेक्षा त्यांचा क्रम कोण ठरवतं हे महत्त्वाचं. आज बहुतेक ठिकाणी तो दुकानदाराच्या मर्जीवर आणि गर्दीवर ठरतो. तीनदा बोट नाकारलं गेलं की चौथ्यांदा न घासता, कोणी मागणी करायची वाट न बघता, दुकानदाराने वहीत नोंद करून त्याच दिवशी धान्य द्यावं, असा क्रम ठरलेला हवा. अशी वही महिन्याअखेर तहसील कार्यालयात गेली तर शहापूर आणि मुरबाडच्या पुरवठा शाखांना एक गोष्ट आपोआप कळेल: कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, कोणाची बोटं जुळत नाहीत. आवणी आणि भट्टीच्या महिन्यांत नोंदी फुगल्या तर आश्चर्य वाटायला नको. त्या महिन्यांत बुबुळाचं यंत्र तालुक्याच्या गावी न ठेवता पाड्यांच्या दुकानांत फिरवावं.

त्या वहीचा गैरवापर होईल, हा आक्षेप खरा आहे. होऊ शकतो. पण खोट्या नोंदी पकडता येतात. त्याच कार्डावर दर महिन्याला सूट घेतली जात असेल तर तलाठी किंवा ग्रामसेवक पाड्यावर जाऊन माणूस बघू शकतो. परत पाठवलेल्या आजींची मात्र कुठेच नोंद होत नाही, त्यामुळे ती चूक पकडताही येत नाही.

तोवर, घरात कोणाचं बोट जुळत नसेल तर एवढं करा. दुकानात जाण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा, भेगा असतील तर आदल्या रात्री तेल लावा. दहाही बोटं लावून बघा. करंगळी आणि अनामिका कामात कमी घासतात. आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने नोंदवायचे असतील तर आवणी किंवा भट्टीनंतर लगेच जाऊ नका, हाताला तीन-चार आठवडे मिळू द्या. आणि धान्य न देता परत पाठवलं तर मशीनवर आलेल्या संदेशाचा फोटो काढा, तारीख लिहून ठेवा आणि १९६७ या रेशनच्या टोल फ्री क्रमांकावर किंवा तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत तक्रार द्या.